दोर ओला आहे

ऑफिसात तिला सगळे खाष्ट म्हणत. हे नाव स्वभावावरून नव्हे, कामावरून पडलं होतं. स्वभाव म्हणाल तर खुर्चीला पाय लागला तरी खुर्चीची माफी मागणाऱ्यांपैकी ती. पण काम असं, की सकाळी साडेनऊला हेडफोन चढवायचे आणि संध्याकाळी सहापर्यंत पडद्यावर जो समोर येईल त्याच्याशी वाईट वागायचं. शब्द द्यायचा आणि फिरवायचा. जखमी माणसाने पाणी मागितलं तर त्याच्या डोळ्यांदेखत ते ओतून टाकायचं. आणि मग खेळातलं जग त्याबद्दल आपल्याला नीट शिक्षा करतंय की नाही, हे तपासून लिहून ठेवायचं. ती टेस्टर होती.

कंपनी रोल-प्लेइंग गेम बनवत होती, आणि तोही पाश्चात्य घराण्याचा. या घराण्यात नायक आयता मिळत नाही. तो तुम्ही घडवायचा, संत करा नाहीतर दगाबाज करा, आणि तुम्ही वागाल तसं जग तुमच्याशी वागतं. वाटेत सोबती मिळतात. ते तुमचं बोलणं लक्षात ठेवतात, खूश होतात, रुसतात, आणि फारच झालं तर आपलं गाठोडं उचलून चालू लागतात. लढाया काय, सगळ्याच खेळांत असतात. या घराण्यातल्या मोठ्या खेळांबद्दल लोक वीस वर्षांनीही बोलतात ते कोण सोबत राहिलं आणि कोण सोडून गेलं, हेच.

चहाच्या खोलीत एक पांढरा फळा होता आणि त्यावर ‘सर्वकाळचे श्रेष्ठ दहा’ अशी यादी होती. ती यादी एक आठवडाही कधी तशीच टिकली नाही. कोणीतरी दुपारी एक नाव पुसायचं, संध्याकाळपर्यंत दुसरा ते परत लिहायचा, आणि दोघं जण चहा गार होईपर्यंत भांडायचे. दहाच्या खाली मोठ्या साहेबांनी अकरावा आकडा घालून जागा रिकामी ठेवली होती. ती आपल्या खेळाची.

“साहेब, अकरावी का? दहातच का नाही?” एकदा कोणीतरी विचारलं.

“दहातला कोणाला काढायचा यावर तुमचं एकमत झालं की सांगा,” साहेब म्हणाले. ते काही झालं नाही.

इतर कंपन्यांत टेस्टर लोक खेळाचे भाग वाटून घेतात, तू जंगल बघ, मी शहर बघतो. इथे तसं नव्हतं. टेस्टरांच्या प्रमुखाला सगळे मुकादम म्हणत, आणि मुकादमाने भागांऐवजी स्वभाव वाटले होते. भोळ्याने सगळ्यांचं भलं करत खेळायचं. चोरट्याने दिसेल ते लांबवायचं. मुकीने कोणाचंच बोलणं न ऐकता बटण दाबत पुढे जायचं, कारण असेही खेळाडू असतात आणि फार असतात. राहिलेला दुष्टपणा खाष्टच्या वाट्याला आला. चौदा महिने प्रत्येकाने आपला एकच स्वभाव धरून ठेवला होता. मुकादमाचा नियम असा, की आपापल्या स्वभावाचा मालक तोच. खाष्टने एखाद्या गोष्टीपुढे ‘ठरल्याप्रमाणे’ असा शेरा मारला, की ती गोष्ट दुसरं कोणी उघडून बघायचं नाही. बघायला वेळ तरी कोणाला होता!

दर सोमवारी खेळाची नवी आवृत्ती यायची आणि सगळ्यांनी पहिल्यापासून सुरू करायचं. खाष्टला पहिल्याच दिवशी पाच सोबती मिळायचे. जेवणाच्या सुट्टीआधी वैदू तिला सोडून जायची. संध्याकाळपर्यंत तलवारबाज जुळे भाऊ जायचे, जाताना दोघं मिळून शिव्या देऊन. मंगळवारी पाद्री जायचा. प्रत्येकाचा जाण्याचा प्रवेश वेगळा लिहिलेला, आणि तो नीट चालतो की नाही हे बघणं तिचं काम. खोटी का असेनात, पण चार माणसं दर आठवड्याला तोंडावर ‘तू वाईट आहेस’ म्हणून निघून जातात, हे पहिल्या महिन्यात गमतीचं वाटलं होतं. दुसऱ्या महिन्यात नाही वाटलं.

पाचवा होता हमाल. तो मात्र जायचा नाही.

उंच, वाकलेला, सगळ्यांचं सामान पाठीवर घेऊन शेवटी चालणारा माणूस. खाष्टने त्याला हाका मारून मारून दमवलं, त्याचं जेवण हिसकावलं, त्याच्या आईबद्दल वाईटसाईट बोलली. तो “बरं” म्हणायचा आणि चालायचा. शुक्रवारी संध्याकाळी ती खेळ बंद करायची तेव्हा ओसाड डोंगरावर दोनच माणसं उरलेली असायची, ती आणि तो.

ती मूर्ख नव्हती. दुसऱ्या महिन्यातच तिने शोधून काढलं की ही निष्ठा नाही, हा दोष आहे. प्रत्येक सोबत्याच्या आत एक लपवलेला आकडा असतो. त्याला ऑफिसात ‘मन’ म्हणत. दुष्टपणा केला की मन उतरतं, शून्यावर आलं की सोबती जातो. हमालाचंही उतरायचं. पण त्याच्या पाठीवर नवं ओझं टाकलं, की ते परत काठोकाठ भरायचं. खेळ अगदी कच्चा होता तेव्हा कोणीतरी ठरवलं होतं, की सामान सोपवणं म्हणजे विश्वास दाखवणं. पुढे तो विचार सगळ्यांनी सोडला, पण तेवढी ओळ आत तशीच राहून गेली. भोळा त्या हमालाला ओझंच द्यायचा नाही, आणि दुखवायचाही नाही. चोरटा पहिल्याच दिवशी सगळं सामान विकून त्याला रजा द्यायचा. मुकी कोणाशी बोलायचीच नाही. हमालावर ओझं टाकणारी आणि वर त्याला घालूनपाडून बोलणारी एकटी खाष्टच. म्हणजे हा दोष दिसणारीही तीच.

तिने दोषाचा अर्ज उघडला, अर्धा भरला. मग खोडून टाकला आणि ‘ठरल्याप्रमाणे’ असा शेरा मारला. कारण साधं होतं. तिला तो हवा होता.

घरी ती आणि तिची ताई. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. ताई तिच्याहून चौदा वर्षांनी मोठी, लहानपणी हिला न्हाऊमाखू घातलेली, आणि पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स. याच वर्षी निवृत्त झाली होती. बाहेर खुर्चीची माफी मागणारी खाष्ट घरात आली की पर्स फेकायची आणि पहिलं वाक्य तिरकं टाकायची. “अजून दिवा लावला नाहीस? दिवसभर काय करतेस?” दिवसभर वाईट वागून जीभ सैल होते, असं तिचं म्हणणं. खरं सांगायचं तर नोकरी लागण्याच्या कितीतरी आधीपासून ती घरात अशीच फटकळ होती. ताई “बरं” म्हणायची आणि दिवा लावायची.

ताईला एक खोड होती, नर्सपणातून आलेली. दवाखान्यात एकीची ड्यूटी संपते, दुसरीची सुरू होते, तेव्हा जाणारी येणारीला चार्ज देते. अमक्या खाटेला हे औषध, तमक्याची पट्टी दुपारी बदलली. आणि घेणारीने प्रत्येक गोष्ट परत म्हणून दाखवायची. म्हणून दाखवल्याशिवाय जाणारीची ड्यूटी सुटत नाही, मग बाहेर तिची बस निघून गेली तरी चालेल. ताई घरातही तशीच बोलायची. “चिमटा वरच्या खणात ठेवलाय. गोळ्या पांढऱ्या डब्यात.” खाष्टने तिला परत म्हणून कधी दाखवलं नाही. “हो गं, माहितीये,” एवढंच.

गेले दोन महिने ताईचं हे जरा वाढलं होतं. परवा तिने हिला मोरीच्या नळाखाली वाकायला लावलं.

“हा कॉक बघ. अर्धाच फिरवायचा. पूर्ण फिरवलास तर तुटेल, मागे एकदा तुटला होता.”

“मग तू फिरव ना. मी कशाला शिकू?”

“बघून तरी ठेव.”

“ताई, मी दिवसभर राबून आलेय. मला कॉक दाखवू नकोस.”

ताई गुडघ्यावर हात ठेवून उठली. दुसऱ्या दिवशी तिने मागच्या खिडकीची कडी कशी उचलून लावायची ते दाखवलं, तेव्हा खाष्टने मान वर करूनही बघितलं नाही. निवृत्तीनंतर माणसाला वेळ खायला उठतो, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

खेळातले सगळे संवाद लिहिणारे गृहस्थ पूर्वी शाळेत शिकवायचे. म्हणून ते मास्तर. सडपातळ, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला, बोलताना समोरच्याच्या कपाकडे बघायची सवय. गेल्या वर्षी त्यांनी खाष्टला चहाच्या खोलीत गाठलं होतं.

“हमालाचा जाण्याचा प्रवेश बघितलास?” त्यांनी विचारलं होतं. “तो मी सगळ्यात जास्त वेळा लिहिलाय. सतरा वेळा.”

तिने तो बघितला असणं शक्यच नव्हतं. तिच्या शेऱ्यामुळे जगात तो कोणीच बघितला नव्हता. तेव्हा खरं बोलायची वेळ होती. पण तिच्या तोंडातून निघालं, “हो मास्तर. छान आहे.”

“छान,” मास्तर म्हणाले, आणि कपाकडे बघत राहिले. पुढे त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

आता खेळ बाहेर यायला पाच महिने राहिले होते. बाहेरचे तीनशे खेळाडू बोलावून त्यांना खेळ खेळायला दिला होता, आणि कोणी काय काय बघितलं याचा तक्ता तयार झाला होता. पुढच्या आठवड्यापासून नट मंडळी आवाज द्यायला येणार होती. मोठ्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, की जे प्रवेश कोणाच्या नजरेलाही पडत नाहीत त्यांना आवाज द्यायचा नाही, ते सरळ काढून टाकायचे. शुक्रवारी अकराला बैठक होती. आणि त्याच बैठकीच्या शेवटी आणखी एक गोष्ट जाहीर व्हायची होती. मुकादम दुसऱ्या विभागात चालला होता, आणि त्याच्या जागी खाष्ट येणार हे ऑफिसातल्या पाणी भरणाऱ्या बाईंनाही माहीत होतं.

गुरुवारी दुपारी ती चहाच्या खोलीत गेली तेव्हा मास्तर फळ्यासमोर उभे होते, अकराव्या रिकाम्या जागेकडे बघत.

“हमालाचा प्रवेश उद्या जातोय,” ते म्हणाले. “तीनशेपैकी शून्य. एकानेही बघितला नाही.”

“असं कसं?” ती म्हणाली. तिला आपलाच आवाज खोटा वाटला.

“लोकांना तो सोडून जाईल इतकं वाईट वागावंसंच वाटत नसेल. चांगलीच गोष्ट आहे म्हणायची.” ते हसले. “तू एकटीने बघितलास. तुला छान वाटला. त्यावरून काय ते मी तेव्हाच समजलो होतो. शाळेत मी पण पोरांच्या निबंधावर तसंच लिहायचो, वाचायचा कंटाळा आला की.”

तिने आपला कप भरायला घेतला.

“पुढच्या खेळात मी संवाद मागणार नाही,” मास्तर म्हणाले. “वस्तूंची नावं लिहीन. तलवार, ढाल, मोठी ढाल. तेही कोणीतरी लिहायलाच हवं.” त्यांनी कप धुतला, पुसला, आणि जागेवर ठेवण्याऐवजी आपल्या पिशवीत टाकला.

त्या संध्याकाळी खाष्ट घरी गेली आणि ताईवर दोनदा डाफरली, एकदा खिडकीच्या पडद्यावरून आणि एकदा उगाच. ताई म्हणाली, “वरच्या मजल्यावरच्या आजींच्या डोळ्यांत मंगळवारी आणि शुक्रवारी थेंब घालायचे असतात बरं का. डावा डोळा आधी.” खाष्टने ताट पुढे ओढलं. जेवताना तिच्या डोक्यात एकच चक्र चालू होतं. गप्प बसलं तर कोणालाही कळणार नाही. प्रवेश गेला की दोषही गेला, कारण मग हमालाने जायचा प्रश्नच उरत नाही. सोमवारी ती मुकादम. बोललं तर चौदा महिन्यांच्या प्रत्येक शेऱ्यावर लोक शंका घेणार, आणि घ्यायलाच हव्यात. टेस्टरकडे दुसरं असतं काय? त्याने ‘ठीक आहे’ म्हटलं तर ते ठीक असतं, एवढीच त्याची पत.

बैठकीला नऊ जण होते. मुकादमाने काढून टाकायच्या प्रवेशांची यादी वाचायला घेतली. दोन गेले, तीन गेले. मग तो म्हणाला, “हमालाचं जाणं. पाहिलेले खेळाडू, शून्य. मास्तर, हरकत?”

“काही नाही,” मास्तर म्हणाले.

“माझी आहे,” खाष्ट म्हणाली.

मुकादमाने वर पाहिलं. “बोल.”

“तो प्रवेश दिसत नाही कारण दिसूच शकत नाही. दोष आहे. ओझं टाकलं की हमालाचं मन परत भरतं. त्यामुळे तो कधीच जात नाही. मी पण तो प्रवेश बघितलेला नाही.” मग ती मास्तरांकडे वळली. “मी तुमच्याशी खोटं बोलले.”

भोळ्याने, भोळाच तो, विचारलं, “पण तू तर ‘ठरल्याप्रमाणे’ लिहिलं होतंस ना?”

“हो. मी लिहिलं होतं.”

“माहीत कधीपासून होतं?” मुकादमाने विचारलं. आवाज चढवला नाही. त्याने आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“दुसऱ्या महिन्यापासून.”

“का?”

या प्रश्नाचं उत्तर तिने रात्रीपासून चार प्रकारे तयार केलं होतं, सगळी शहाणी उत्तरं. आयत्या वेळी एकही आठवलं नाही. “सगळे जायचे,” ती म्हणाली. “तो एकटा राहायचा. मला तो जायला नको होता.”

मुकादमाने हातातली यादी बंद केली. “साहेब, दोष दुरुस्त करायला अर्धा तास लागेल. एक ओळ आहे. काढायचं की ठेवायचं ते बघून ठरवा.” मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “दुसरी घोषणा आज होणार नाही.” पुढच्या बुधवारी मुकादमाची जागा मुकीला मिळाली. चोरटा म्हणाला, निदान ती बोलण्याआधी विचार करते. आणि या गोष्टीत खाष्टवर अन्याय झाला असं कोणी म्हणायचं कारण नाही. तीही म्हणाली नाही.

ती ओळ काढून झाली आणि दुपारी तीनला खाष्टच्या टेबलाभोवती सगळे जमले. ती तिच्या नेहमीच्या डोंगरावर होती. हमालाच्या पाठीवर तिने तंबू टाकला, धान्याचं पोतं टाकलं, आणि नेहमीचे चार अपशब्द टाकले. तेच शब्द तिने किती शुक्रवारी टाकले होते, आणि तो “बरं” म्हणून चालला होता. आज तो थांबला.

त्याने पाठीवरचं ओझं उतरवलं. सावकाश, काही मोडू नये असं. मग गुडघ्यावर बसला आणि एकेक वस्तू काढून समोर मांडायला लागला.

“पीठ दोन दिवसांचं आहे,” हमाल म्हणाला. आवाज अजून दिलेला नव्हता, शब्द नुसते पडद्याखाली उमटत होते.

उत्तर द्यायला खाली एकच पर्याय आला, ‘कळलं’. नेहमी तीन-चार असत, त्यात एखादी शिवीही असे. तिने दाबलं.

“औषध डाव्या कप्प्यात. उजव्या कप्प्यात विष आहे, बाटल्या सारख्याच दिसतात.”

कळलं.

“तुझ्या बुटाचा तळ सुटत आलाय. पुढच्या गावात शिवून घे.”

कळलं.

“तू झोपेत कुशीवर वळतेस तेव्हा पांघरूण पडतं. मी घालायचो. आता शेकोटीच्या जवळ झोप.”

तिच्या मागे कोणीतरी नाक ओढलं. कळलं.

“दोर ओला आहे. वाळवल्याशिवाय त्याच्यावर भार टाकू नकोस.”

खाली ‘कळलं’ आलं. तिचं बोट बटणावर होतं, पण तिने दाबलं नाही. हमाल उभा राहिला होता. हात मोकळे, पाठ वाकलेलीच, तिच्याकडे बघत. वारा वाहत होता, त्याचा सदरा हलत होता. तो जात नव्हता.

“हा अडकला का?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“अडकला नाही,” मास्तर मागून म्हणाले. “शेवटचं ‘कळलं’ म्हणेपर्यंत तो जाऊ शकत नाही. खेळणाऱ्याने तासभर दाबलं नाही तर तासभर उभा राहील.” मग जरा खाली वाकून ते तिला म्हणाले, “हे मला तूच दिलंस. तुझ्या ताईची गंमत सांगत होतीस ना, घरात पण चार्ज देते म्हणून. तेव्हा तू फार हसली होतीस. मला काही हसू आलं नव्हतं.”

ती पडद्याकडे बघत राहिली. ताई चार्ज देते. चिमटा वरच्या खणात ठेवलाय, गोळ्या पांढऱ्या डब्यात ठेवल्यात. हे ताई वर्षानुवर्षं सांगत आली होती. पण कॉक अर्धा फिरवायचा, कडी उचलून लावायची, आजींचा डावा डोळा आधी, हे तसलं नव्हतं. त्यात ‘मी ठेवलंय’ नव्हतं. त्यात ‘तू कर’ होतं. ती सगळी ताईची कामं होती, आणि ताई ती एकेक करून हिच्यासमोर मांडत होती. दोन महिने.

“दाब,” मास्तर हळूच म्हणाले.

तिने दाबलं. हमाल वळला आणि डोंगर उतरायला लागला. त्याची पाठ पहिल्यांदाच सरळ होती. मोठे साहेब म्हणाले, “हा राहतो. याला चांगला नट बघा.” भोळा रडत होता आणि ते लपवतही नव्हता. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि पिशवीतून आपला कप काढून चहाच्या खोलीकडे गेले.

खाष्टने मुकादमाला सांगितलं की ती आज चारलाच निघतेय. तो म्हणाला, जा.

घराचं दार उघडंच होतं. ताई जेवायच्या टेबलाशी बसली होती आणि कागदांच्या फायलीवर चिठ्ठ्या चिकटवत होती. घराचे कागद. वीज. पाणी. तिचं गोल, वळणदार अक्षर.

“लवकर आलीस?” ताई म्हणाली, आणि सवयीने दिव्याकडे हात नेला.

“राहू दे. उजेड आहे.” खाष्टने पर्स फेकली नाही, खुंटीला अडकवली. मग उभ्याउभ्याच विचारलं, “ताई, तू कुठे चाललीयेस?”

ताईने हातातली चिठ्ठी नीट चिकटवली, अंगठ्याने दाबली. मग सांगितलं. तिच्याबरोबरीच्या एका नर्सने दुसऱ्या गावी म्हाताऱ्या माणसांसाठी घर काढलं होतं. बारा खाटा. हिला कधीपासून बोलावत होती. एक तारखेपासून ये म्हणाली होती. मागच्या एक तारखेपासून.

“मग गेली का नाहीस?”

“तू काही ऐकूनच घेत नव्हतीस,” ताई म्हणाली. “अर्धवट सोडून कशी जाऊ?”

“माझ्या बोलण्याला कंटाळून चाललीस का?”

दुसरी कोणी असती तर ‘नाही गं’ म्हणाली असती. ताईने पस्तीस वर्षं लोकांना त्यांचे रिपोर्ट सांगितले होते. “थोडं तेही आहे,” ती म्हणाली. “पण फक्त ते नाही. मला काम करायचंय अजून. आणि तू आता मोठी झालीस, चाळिशी आली तुझी.”

खाष्टला खूप काही म्हणायचं होतं. जाऊ नकोस, हे तर जिभेच्या टोकावर होतं. आणि तिला हेही माहीत होतं, की आपण ते म्हटलं, किंवा नेहमीसारखं ‘हो गं, माहितीये’ म्हणून उठून गेलो, तरी ताई थांबेल. हीही एक तारीख जाऊ देईल, पुढचीही जाऊ देईल. दमली तरी उभी राहील. तिला हेच करता येत होतं आणि आजवर तिने हेच केलं होतं.

खाष्टने खुर्ची ओढली आणि ताईच्या समोर बसली.

“सांग,” ती म्हणाली. “पहिल्यापासून सांग. मी म्हणून दाखवते.”

ताईने तिच्याकडे जरा निरखून बघितलं, खरंच म्हणतेय की टोमणा मारतेय ते. मग चष्मा नाकावर सारला आणि वॉर्डातल्या आवाजात सुरू केलं.

“मोरीचा कॉक अर्धाच फिरवायचा.”

“कॉक अर्धाच फिरवायचा.”

“मागच्या खिडकीची कडी उचलून लावायची.”

“कडी उचलून लावायची.”

“आजींचे थेंब मंगळवारी आणि शुक्रवारी. डावा डोळा आधी.”

“मंगळवार, शुक्रवार. डावा आधी. आज शुक्रवार आहे.”

“आजचे घातले मी.” ताई थांबली. फाईल बंद केली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले. “आणि एक. संध्याकाळी घरी आलीस की आधी पाणी पी. मग दोन घास खा. मग जे कोणी घरात असेल त्याच्याशी बोल.”

खाष्टने फाईलकडे बघितलं. शब्द सगळे आठवत होते, तोंडातून निघत नव्हते. टेबलावर फाईल होती, फाईलवर ताईचे हात होते, नखं नेहमीसारखी बारीक कापलेली. ताईने घाई केली नाही. ती तशीच बसून राहिली, जशी वॉर्डात नव्या मुलींसमोर बसत असेल, बाहेर बस निघून जात असली तरी.

“आधी पाणी पिईन,” खाष्ट शेवटी म्हणाली. “मग खाईन. मग बोलेन.”

“बरोबर,” ताई म्हणाली, आणि उठून बॅग काढायला आत गेली.